फक्त वाचण्यासाठी

वसमतला हळदीच्या हंगामात
दुकानात येणाऱ्या प्रत्येक फोनचं तोंड पिवळं असतं.
चार्जिंगच्या भोकात सुई फिरवली
की चिमूटभर निघतेच.

म्हणून तुळसाबाई आल्या तेव्हा
मी सुई हातात घेऊनच बसलो होतो.
म्हणाल्या, चार्जिंग नीट हाय लेकरा.
नाव बघ.

नाव बघितलं.
क. मग एक रिकामा चौकोन. मग हाळे.
बचतगटाच्या यादीत, ग्यासच्या मेसेजात,
जिथं जिथं कऱ्हाळे, तिथं तिथं चौकोन.
आडतीवर हळद निवडणाऱ्या बायका
आता तिला डबेहाळेच म्हणतात.

फोन भाच्याचा. त्यानं गेम खेळायला रूट केला,
कंटाळला, मावशीला दिला आणि नांदेडला गेला.
रूट म्हंजी काय? मूळ.
म्हंजी जेठा गड्डा का?
तसंच समजा.
मग जपून, जेठा गड्डा बेण्याला ठेवायचा असतो,
त्याला इळा लावत नसतात.

मी सांगितलं, आत एक खोली आहे.
अक्षरं तिथं राहतात, घड्याळ, घंटीचे आवाज.
कंपनीनं कडी लावलीय.
डोकावता येतं, ठेवता काही येत नाही.
नवी अक्षरं ठेवून बघितली.
उत्तर आलं: फक्त वाचण्यासाठी.

तिला हे नवं नव्हतं.
हजेरी मुकादमानं लिहायची, म्हणाली,
आम्ही वाचायची.

मग मी ती ओळ टाईप केली.
रीमाउंट. आर, डब्ल्यू. सिस्टम.
नकार असला की यंत्र लांबलचक बोलतं.
होकाराला काहीच बोलत नाही,
खाली एक कोरी ओळ देतं
आणि काडी लुकलुकत राहते.

उघडलं.
आता एका चुकीच्या बोटानं
फोनची वीट झाली असती.
अब्बा घड्याळं उघडायचे तेव्हा
प्रत्येक स्क्रू डबीच्या झाकणात, निघाला त्या क्रमानं,
आणि तोवर कुणाशी बोलायचे नाहीत.
मीही बोललो नाही.
जुनी फाइल बाजूला ठेवली, नाव बदलून, पुसली नाही.
नवी आत नेली.
परवानगीचे आकडे दिले, सहा, चार, चार:
मालकानं लिहावं, बाकीच्यांनी वाचावं.
तिनं विचारलं म्हणून सांगितलं.
हसली. इथंबी मुकादम हायच की.

फोन बंद करून चालू केला
आणि नेमकी लाईट गेली.
अंधारात कंपनीचं चिन्ह फिरत राहिलं,
फिरतच राहिलं.
ती नखांतली हळद काढत बसली,
मी उगीच काउंटर पुसला.

मग आलं.
ऱ्, डोक्यावर नाही, पायाशी नाही,
ह च्या बाजूला टेकलेला,
पापणीच्या एका केसाएवढा.
तिनं त्यावर बोट ठेवलं, उचललं, परत ठेवलं.
येवढुसाच व्हता?
येवढ्यासाठी दोन वर्सं हसल्या रांडा.

जाताना पायरीवर थांबली.
रेशनच्या कार्डावर कराळे हाय, तेबी कर.
म्हटलं, ते माझ्या हातात नाही.
त्याचा भाचा नसंल कुणी, म्हणाली, आणि गेली.

रात्री शटर ओढताना छातीत धस्स झालं:
कडी लावायची राहिली.
मग आठवलं, फोन पुन्हा सुरू झाला
तेव्हाच ती आपोआप लागली,
तो अंधारात फिरत होता तेव्हा.
आत तिचा ऱ् होता.

सकाळी कुलूप काढतोय
तर ओट्यावर चौघी.
तिघी कऱ्हाळे, एकाच भावकीतल्या,
आणि एक बऱ्हाटे.
चौघींचे फोन पिवळे.
रूट एकीचाही नाही.